बंदुकीचा दस्ता अंगाबरोबर कसा बसवावा

मुळशी, मावळ, भोर या बाजूच्या शेतकऱ्यांस रानडुकरांचा उपद्रव नवा नाहीं. भुईमुगाचें शेत एका रात्रींत नांगरल्यासारखें होतें, आणि सकाळीं बांधावर उभें राहून पाहणाऱ्याच्या हातीं पंचनाम्यावांचून कांहीं उरत नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां असे पंचनामे आमच्या हाताखालून पुष्कळ गेले. ज्यांच्या घरीं परवान्याची बंदूक आहे अशा खातेदारांशीं त्या निमित्तानें बोलणें होई, तेव्हां एक गोष्ट वारंवार ध्यानांत येई. बंदूक घरांत असते, परंतु ती धन्याच्या अंगाची नसते. आजोबांनीं घेतलेली, वडिलांनीं वापरलेली, आणि वारसानें परवाना करून घेऊन आपल्याकडे ठेवलेली. कागदावरचें नांव बदलतें. दस्ता मात्र आजोबांच्याच हाताच्या लांबीचा राहतो.

जुन्या दुनळी बंदुकांपैकीं पुष्कळ विलायतेंत, विशेषतः बर्मिंगहॅम शहरांत, तयार झालेल्या आहेत. त्यांचा दस्ता पुढच्या चापापासून पाठीच्या मध्यापर्यंत बहुधा साडेचौदा इंचांच्या आसपास भरतो. हें माप मध्यम उंचीच्या इंग्रज माणसास सोयीचें. पांच फूट तीन-चार इंच उंचीच्या आपल्या शेतकऱ्यास तें बहुधा लांब पडतें. लांब दस्ता उचलतांना कांखेंत किंवा सदऱ्यांत अडकतो, खांद्याच्या खळग्यांत न बसतां दंडावर बसतो, आणि बार उडाला म्हणजे दंड काळानिळा होतो. एकदां असा मार बसला कीं पुढच्या वेळीं चाप ओढण्यापूर्वींच डोळा मिटतो. मग छर्रे कोठें जातात हें सांगावयास नको. जखमी डुक्कर उसांत शिरलें तर दुसऱ्या दिवशीं त्या फडांत कामास जाणाऱ्या बायामाणसांच्या जिवाशीं गांठ असते. म्हणून अर्ध्या-पाऊण इंच लाकडाचा हा विषय वाटतो तितका क्षुल्लक नव्हे.

प्रथम कायद्याचें सांगून टाकतों. जुन्या संवयीमुळें आम्हांस तें टाळतां येत नाहीं. १८७८ चा हत्यारांचा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला व तो १९६२ पासून अंमलांत आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणें बंदुकीची दुरुस्ती अगर तींत फेरफार करण्याच्या धंद्यास परवाना लागतो, आणि कायद्याच्या व्याख्येंत बंदुकीचे सुटे भागही येतात. ‘दस्ता म्हणजे नुसतें लाकूड, आपला गांवचा सुतार कापून देईल’ असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. सुतार हुशार असेल. परंतु परवाना नसतां त्याच्या दुकानीं बंदूक नेऊन ठेवणें हें त्याच्याही व आपल्याही अंगावर येण्याजोगें आहे. काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडूनच करवावें. पुणें शहरांत असे कारागीर मिळतात. बंदूक रिकामी करून, पिशवींत घालून, मूळ परवान्यासह न्यावी, आणि ठेवून यावयाची झाल्यास पावतीवर बंदुकीचा क्रमांक लिहून घ्यावा. नळी मात्र आंखूड करण्याचा विचारही मनांत आणूं नये. त्यास कलम ६ आड येतें. दस्त्याची लांबी व नळीची लांबी या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या नांवाखालीं दुसरी करून घेणारा मनुष्य फौजदारीस पात्र होतो.

आणखी एक. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखालीं ती परवानगी वन खात्याच्या अधिकाऱ्याकडून स्वतंत्रपणें घ्यावी लागते. हें आम्ही अनेकांस तोंडीं सांगितलें आहे. येथें लिहून ठेवतों.

आतां मापाकडे वळूं. कापणें कारागिराचें काम खरें, पण माप घेणें धन्याचें काम आहे, कारण खांदा धन्याचा आहे. पुष्कळ ठिकाणीं दस्त्याची पाठ कोपराच्या वळणांत टेकवून बोट चापास पोंचतें कीं नाहीं तें पाहतात, आणि पोंचलें कीं माप जमलें असें समजतात. ही रीत अगदींच टाकाऊ नाहीं, तथापि तीवर विसंबूं नये. मान लांब कीं आंखूड, छाती रुंद कीं अरुंद, हें कोपरास काय कळणार? चांगली रीत अशी. बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनीं व बोटानें खात्री करावी. मग भिंतीवर डोळ्यांच्या उंचीस एक खूण करून दहा-बारा पावलांवर उभें रहावें, खुणेकडे पहावें, डोळे मिटावे, बंदूक सहजपणें खांद्यास लावून गाल टेकवावा आणि डोळे उघडावे. नळीच्या टोंकावरची माशी खुणेवर किंवा किंचित् खालीं दिसली, दस्ता कोठें अडकला नाहीं, मान पुढें ताणावी लागली नाहीं, आणि मुठीचा आंगठा व नाक यांमध्यें दोन बोटें अंतर राहिलें, तर दस्ता अंगाचा आहे. अंतर चार बोटें असेल तर दस्ता लांब. आंगठा नाकास लागत असेल तर आंखूड. हें एकदां करून भागत नाहीं. वीस-पंचवीस वेळां करावें, कारण पहिल्या चार-पांच वेळां मनुष्य बंदुकीस अंग जुळवून घेतो. दमल्यावरच खरें काय तें दिसतें.

येथें एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतों, कारण शहरांतील कारागिरास ती सुचत नाहीं. आपला शेतकरी माळ्यावर बसतो तो रात्रीं, बहुधा थंडींत, आणि खांद्यावर घोंगडी असते. दुमडलेली घोंगडी दस्त्याच्या लांबींत सहज अर्ध्या इंचाची भर घालते. उन्हाळ्यांत दुकानांत मलमलीच्या सदऱ्यावर घेतलेलें माप पौषांत चुकतें तें यामुळें. माप घ्यावयास जातांना घोंगडी बरोबर न्यावी. दुकानांतले लोक हंसले तर हंसूं द्यावे.

माप लिहून देतांना तें कोठून कोठपर्यंतचें हें स्पष्ट लिहावें. या एका गोष्टींत आम्ही स्वतः ठकलों. आमच्या वडिलांची दुनळी बंदूक आमच्याकडे आली तेव्हां पुढच्या चापापासून तिचा दस्ता पावणेपंधरा इंच होता. वडील धिप्पाड होते, आम्ही तसे नाहीं. अर्धा इंच कमी करावा असें ठरवून आम्हीं माप घेतलें. परंतु आमचें बोट संवयीनें मागच्या चापावर जात असल्यामुळें टेप तेथूनच लावला, आणि चिठ्ठीवर ‘लांबी सव्वातेरा इंच’ एवढेंच लिहिलें. दोन चापांत सुमारें एक इंचाचें अंतर असतें. कारागिरानें धंद्याच्या रिवाजाप्रमाणें पुढच्या चापापासून सव्वातेरा मोजले व अर्ध्याऐवजीं दीड इंच लाकूड उडविलें. तीस वर्षें नोंदी तपासण्यांत घालविलेल्या मनुष्यानें मापाचा आरंभबिंदु लिहूं नये, याची लाज आम्हांस अद्याप वाटते. तरी एवढा मोठा फरक पाहून त्यानें एकदां विचारावयास हवें होतें असेंही आम्हांस वाटतें. पहिल्याच बारास आमचा आंगठा वरच्या ओठावर आदळला आणि ओठ फुटला. कापलेला तुकडा मागितला तर तो केराबरोबर गेला होता. शेवटीं एक इंच जाडीची रबरी गादी मागें बसवून लांबी सव्वाचौदावर आणली. गादीनें धक्का सौम्य झाला हें खरें, पण अक्रोडाच्या त्या जुन्या लाकडाच्या रेषा जेथें संपतात तेथें काळें रबर पाहिलें कीं वडिलांची आठवण होऊन चुटपुट लागते.

म्हणून चिठ्ठींत ‘पुढच्या चापाच्या मध्यापासून दस्त्याच्या पाठीच्या मध्यापर्यंत’ असे शब्द लिहावे. पाठीच्या वरच्या व खालच्या टोंकांपर्यंतचीं मापेंही द्यावीं, म्हणजे काप कोणत्या तिरकसपणानें घ्यावयाचा तें ठरतें. या तिरकसपणाचें महत्त्व फार आहे. बंदूक दस्त्याच्या पाठीवर जमिनीस सपाट उभी करून, नळीची वरची बाजू भिंतीकडे ठेवून, चापांच्या वरचा भाग भिंतीस टेकेपर्यंत सरकवावी. नळीचें टोंक भिंतीपासून साधारणपणें एक ते तीन इंच दूर राहतें. कापण्यापूर्वीं हें अंतर मोजून लिहावें, व कापल्यावर पुन्हा मोजावें. मुद्दाम बदल करावयाचा नसेल तर दोन्ही आंकडे जुळले पाहिजेत. खालचें टोंक लांब राहिलें तर तें छातींत रुततें आणि दस्ता खालीं घसरूं पाहतो. फार आंखूड झालें तर बाराबरोबर दस्ता वर सरकतो. लांबी बरोबर असूनही बंदूक त्रास देते ती पुष्कळदां यामुळें.

दस्ता आंखूड झाला म्हणजे गालही कडेवर थोडा पुढें येतो, आणि कड पुढच्या बाजूस उंच असल्यामुळें डोळा किंचित् वर जातो. त्यायोगें बार थोडा उंच लागतो. अर्ध्या इंचाच्या कापास हा फरक नगण्य. एक इंचास जाणवूं लागतो. रबरी गादी बसवावयाची असेल तर तिची जाडी आधींच हिशेबांत धरावी. दस्ता अर्धा इंच कमी करणें आणि एक इंचाची गादी लावणें, म्हणजे लाकूड दीड इंच कापणें. हा साधा बेरजेचा हिशेब चुकल्यामुळें बिघडलेले दस्ते आम्हीं पाहिले आहेत.

प्रत्यक्ष कापाविषयीं कारागिरास शिकविण्याची आमची योग्यता नाहीं, परंतु जवळ उभें राहून काय पहावें तें सांगतों. मागची पट्टी काढल्यावर आंत लांब छिद्र दिसलें तर त्या बंदुकींत दस्ता धरणारा लांब बोल्ट मागून घातलेला आहे. त्याचें डोकें किती आंत आहे हें न पाहतां करवत लावूं देऊं नये. खुणेची रेघ चारी बाजूंनीं धारदार सुरीनें कोरली व तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली म्हणजे कडेचे ढलपे उडत नाहींत. करवत बारीक दात्यांची असावी, आणि काप रेघेच्या थोडा बाहेरून घेऊन उरलेलें लाकूड सपाट फळीवर चिकटविलेल्या काचकागदावर घासून रेघेपर्यंत आणावें. एकदम पूर्ण माप कापण्यापेक्षां पाव इंच राखून, बंदूक पुन्हा खांद्यास लावून पाहणें शहाणपणाचें. कापलेलें लाकूड परत येत नाहीं. दस्ता मागें रुंद होत जात असल्यामुळें जुनी पट्टी नव्या, लहान पाठीच्या बाहेर येते व कानशीनें घासावी लागते. जुन्या स्क्रूंचीं भोकें लांकडी खुंट्या सरसानें बसवून बंद करावीं व नवीं पाडावीं. कापलेला तुकडा कागदांत गुंडाळून, त्यावर तारीख घालून, घरीं आणून परवान्याच्या कागदांबरोबर ठेवावा. पुढचा वारस आजोबांवर गेला तर तोच तुकडा सरसानें पुन्हा जोडतां येईल.

अक्रोडाचा एक इंच कापला म्हणजे साधारणपणें ७०-८० ग्रॅम वजन मागून कमी होतें व नळी जड वाटूं लागते. तशी ती वाटल्यास पाठींत भोक पाडून थोडें शिसें बसवितात. उघड्या पडलेल्या आडव्या रेषांच्या लाकडास पट्टी बसविण्यापूर्वीं जवसाचें तेल द्यावें, एक दिवस वाळूं द्यावें, आणि असें लाकूड तेल पिईनासें होईपर्यंत तीन-चार वेळां करावें. तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत, त्या आपोआप पेटतात. पसरून वाळवाव्या अगर पाण्यांत बुडवून फेंकाव्या. मुळशीकडच्या पावसांत कोरडें राहिलेलें आडवें लाकूड ओल शोषून फुगतें व पट्टीचे स्क्रू ढिले करतें. पहिला पावसाळा संपल्यावर ते एकदां हातानें पिळून पहावे.