पदवीचे पहिले वर्ष : आपला हिशेब आपणच ठेवावा



बारावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, कॉलेजात प्रवेशही मिळाला. घरच्या मंडळींना वाटते, आता मुलगा किंवा मुलगी मार्गी लागली. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. खरी कसोटी प्रवेश मिळाल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत असते. पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून घरी परत आलेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांतील बहुतेक बुद्धीने कमी नव्हती. कोणाचा परीक्षेचा अर्ज भरायचा राहून गेला. कोणाची शिष्यवृत्ती अडली आणि खोलीचे भाडे थकले. कोणाला वर्गातील इंग्रजी कळेना आणि तसे सांगायची लाज वाटली. कारणे लहान होती, नुकसान मोठे झाले. ज्या घरातून प्रथमच कोणी पदवीच्या वर्गात जाऊन बसते, त्या घरात या लहान कारणांची आगाऊ सूचना देणारे कोणी नसते. म्हणून हा लेखप्रपंच.

शाळा आणि कॉलेज यांत मुख्य फरक कोणता? शाळेत तुमचा हिशेब दुसरे कोणीतरी ठेवत असते. गैरहजर राहिलात तर घरी निरोप येतो. फॉर्म भरायचा राहिला तर वर्गशिक्षक नाव पुकारून उभे करतात. कॉलेजात सूचना फलकावर लागते किंवा मोबाईलवरील गटात येते, आणि तिथेच कॉलेजचे काम संपते. पुढचे तुम्ही पाहायचे. आमचा जन्म बँकेच्या खिडकीमागे चालला आहे, त्यामुळे आम्हाला हिशेबाचीच भाषा सुचते. ज्याचे पासबुक वेळच्या वेळी भरलेले असते, त्याला वर्षअखेरीस धक्का बसत नाही. पदवीचेही तसेच आहे.

१. श्रेयांकांचा हिशेब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीची मोजणी आता श्रेयांकांत, म्हणजे मुलांच्या भाषेत क्रेडिटमध्ये होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान १६० श्रेयांक ठरवले आहेत. म्हणजे एका सत्रात साधारण २० श्रेयांक मिळवायचे. मिळालेले श्रेयांक तुमच्या नावावर 'अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा होतात. ही योजना २०२१ सालची आहे. तेथील खाते उघडले आहे काय, त्यात नाव बरोबर पडले आहे काय, हे पहिल्याच महिन्यात पाहून घ्यावे.

आता एका श्रेयांकामागे किती मेहनत आहे ते पाहू. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणे एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचे शिकणे. त्यात वर्गातील तास, प्रात्यक्षिक आणि स्वतःचा अभ्यास हे सर्व आले. २० श्रेयांकांचे झाले ६०० तास. सत्रात शिकवण्याचे १५ आठवडे धरले, तर आठवड्याला ४० तास होतात. लेखी विषयाच्या एका श्रेयांकाला वर्गात १५ तास शिकवतात, म्हणजे या ४० पैकी सुमारे २० तास वर्गात जातात. उरलेले २० तास तुमचे तुम्ही भरायचे आहेत. रविवार सोडला तर रोज सव्वातीन-साडेतीन तास. परीक्षेच्या आधी महिनाभर रात्रंदिवस बसून हा खड्डा भरून निघत नाही. रोजचे तीन तास मात्र कोणत्याही सामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्याला झेपतात.

म्हणून पहिल्या आठवड्यात दोन कागद मिळवा. एक, प्रत्येक विषयाचा विद्यापीठाने ठरवलेला अभ्यासक्रम. दुसरा, गुणविभागणी, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाला किती गुण आणि सत्र परीक्षेला किती. अंतर्गत गुण चाचणी, प्रकल्प, तोंडी परीक्षा यांतून थोडे थोडे मिळतात आणि ते नंतर मागून मिळत नाहीत. बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरीची अट आहे. गावच्या जत्रेसाठी, लग्नकार्यासाठी चार-चार दिवस जाताना ही अट लक्षात ठेवावी.

२. इंग्रजीचे भय

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिल्या महिन्यात वाटते की, आपण चुकीच्या वर्गात येऊन बसलो. प्राध्यापक इंग्रजीत बोलतात, शेजारचा मुलगा मान हलवतो, आपल्याला मात्र काहीच उमगत नाही. मित्रांनो, मान हलवणाऱ्या सर्वांना कळलेले असते असे नाही.

याला आम्ही एक साधी वाट सुचवतो. उद्या जो विषय शिकवणार आहेत, तो आज मराठीतून वाचून जा. मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. अर्थशास्त्र, इतिहास, विज्ञान, कायदा या विषयांवरील त्यातील नोंदी जाणकारांनी लिहिलेल्या आहेत. शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, त्यांत इंग्रजी संज्ञेला मराठी शब्द सापडतो. कल्पना एकदा मराठीतून पक्की झाली, की इंग्रजी ही फक्त शब्दांची अडचण उरते. त्यासाठी एक छोटी वही करा. डाव्या बाजूला संज्ञा, उजव्या बाजूला तिचा अर्थ आपल्या शब्दांत. रोज पाच संज्ञा लिहिल्या तरी एका सत्रात चारशेच्या वर होतात. एका विषयाला इतक्या पुरेशा आहेत.

कला व वाणिज्य शाखेत अनेक विद्यापीठांत उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते. आपल्या अभ्यासक्रमाला ही मुभा आहे काय, हे कार्यालयात विचारून घ्या. मुभा असली तरी इंग्रजी ग्रंथ वाचण्याची सवय सोडू नका. कारण पुढच्या वर्गांची आणि स्पर्धा परीक्षांची बरीच सामग्री इंग्रजीतच आहे.

आणि विचारायला लाजू नका. तास संपल्यावर प्राध्यापकांकडे जाऊन "सर, हा मुद्दा मला कळला नाही, पुन्हा सांगाल का?" एवढे म्हणायला जे धैर्य लागते, ते पहिल्या महिन्यातच गोळा करावे. दिवाळीपर्यंत थांबलात तर तेच वाक्य दहापट जड होते.

३. ग्रंथालय

ग्रंथालयाचे ओळखपत्र मिळाले त्याच दिवशी आत जाऊन बसा. पुस्तक घेतलेच पाहिजे असे नाही. वाचनकक्ष किती वाजता उघडतो, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका कोठे ठेवल्या आहेत, पुस्तकपेढीतून सत्रभरासाठी पुस्तके मिळतात काय, याची माहिती घ्या. ज्याच्या खोलीत चार जण राहतात आणि एकच दिवा आहे, त्याच्यासाठी वाचनकक्षातील खुर्ची हीच अभ्यासाची खोली. तेथे पंखा आहे, उजेड आहे, शांतता आहे आणि भाडे नाही.

मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पुढ्यात ठेवून वाचले, म्हणजे कोणत्या प्रकरणावर काय विचारतात ते कळते. मात्र प्रश्नपत्रिकेबरोबर बाजारातील 'गाईड' घेऊन बसू नका. गाईडातील उत्तर शंभर मुलांनी लिहिलेले असते, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्या ओळीत ओळखू येते.

४. शिष्यवृत्ती आणि बँकेतील खाते

आता आमच्या रोजच्या कामातील गोष्ट. शासनाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात आणि विद्यार्थ्याचा हिस्सा थेट त्याच्या बँक खात्यात जमा होतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून सुरू झालेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. इतर प्रवर्गांसाठीही योजना आहेत. उत्पन्नाची मर्यादा, गुणांची अट आणि शेवटची तारीख त्या त्या वर्षीच्या पत्रकात पाहावी. अर्ज दरवर्षी करावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप मिळत नाही.

अर्ज मंजूर झाला, तरी पैसे आले नाहीत, अशी तक्रार घेऊन मुले आमच्या खिडकीवर येतात. त्याची कारणे बहुधा ठरलेली असतात.

पहिले कारण आधार. खात्याला आधार क्रमांक नोंदवणे ही एक गोष्ट आहे. शासकीय रक्कम जमा होण्यासाठी ते खाते आधारशी संलग्न असणे ही दुसरी गोष्ट आहे. ही दुसरी संलग्नता एका वेळी एकाच खात्याला असते. तुम्ही नंतर दुसऱ्या बँकेत खाते उघडून न वाचता संमती दिली असेल, तर पैसे तिकडे जातात आणि तुम्ही इकडे चौकशी करत राहता. बँकेत जाऊन "शासकीय अनुदान माझ्या कोणत्या खात्यात जमा होईल?" असा स्पष्ट प्रश्न विचारा.

दुसरे कारण बंद पडलेले खाते. सलग दोन वर्षे खातेदाराने एकही व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय ठरते. शाळेत असताना उघडलेली अनेक खाती अशी पडून असतात. ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा देऊन ते चालू करून घ्यावे. त्यासाठी शुल्क लागत नाही.

तिसरे कारण नाव. बारावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे आणि पासबुकावर तिसरे, असे तीन प्रकारचे नाव असलेली मुले आम्ही नेहमी पाहतो. सर्व कागदांवर एकच नाव, एकच जन्मतारीख असावी. दुरुस्ती प्रवेशाच्या धांदलीत न करता सुट्टीत करून घ्यावी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवास दाखला, गुणपत्रिका यांच्या प्रत्येकी पाच झेरॉक्स प्रती आणि मोबाईलमध्ये एक छायाचित्र ठेवावे. मूळ कागद कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत. जमा केलेच तर पावती घ्यावी.

खर्चाला कमी पडत असेल तर 'कमवा आणि शिका' योजनेची चौकशी करा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली साताऱ्यात काढलेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात मुले श्रम करून शिकली, आणि पुढे अनेक विद्यापीठांनी ही योजना स्वीकारली. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत दिवसाचे काही तास काम करून खर्चाला हातभार लागतो. यात कमीपणा मुळीच नाही.

५. सोबत, वसतिगृह आणि अन्याय

नव्या गावात सोबत लागते. आपल्या तालुक्याची, आपल्या ओळखीची मुले जवळ करावीत, हे स्वाभाविक आहे. परंतु तेवढ्यावरच थांबू नका. राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना, वक्तृत्व मंडळ, खेळ यांपैकी एक तरी गोष्ट धरा. एकच धरा, पण वर्षभर धरा. वर्गाबाहेर बोलायची, लोकांत काम करायची सवय तेथेच लागते, आणि ती नोकरीच्या मुलाखतीपर्यंत उपयोगी पडते.

रॅगिंग ही गंमत नसून गुन्हा आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे याविषयीचे नियम २००९ चे आहेत. २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, भाषा, प्रदेश यांवरून छळणे हेही स्पष्टपणे त्यात आले. आयोगाची मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मुलींच्या तक्रारींसाठी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. तिचे सदस्य कोण, हे विचारायला घटना घडण्याची वाट पाहू नये. तक्रार नेहमी लेखी करावी, तारीख घालावी आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेली गोष्ट हवेत विरते.

मन खचले, झोप लागेना, घरी जावेसे वाटू लागले, तर ते एकट्याने सोसू नका. एखाद्या विश्वासातल्या प्राध्यापकांना सांगा, घरी फोन करून खरे सांगा. "सर्व ठीक आहे" असे रोज सांगणाऱ्या मुलाचीच आम्हाला अधिक काळजी वाटते.

६. निकाल

पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला, एटीकेटी लागली, तर आकाश कोसळत नाही. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केला आहे. छायाप्रत व पुनर्मूल्यांकन यांच्या अर्जाला मुदत मोजक्या दिवसांची असते. म्हणून निकाल लागला की रडत बसण्याआधी सूचनाफलक पाहावा. छायाप्रत हाती आली की कोठे गुण गेले ते शांतपणे वाचावे. आपली चूक दाखवणारा त्याहून चांगला शिक्षक नाही.

७. पालकांना आणि सभासदांना विनंती

आई-वडिलांनी मुलाला फोनवर फक्त "जेवलास का?" एवढेच विचारू नये. "या आठवड्यात काय शिकवले? कोणता फॉर्म भरायचा आहे? शेवटची तारीख कधी?" हेही विचारावे. उत्तर समजले नाही तरी चालेल. कोणीतरी विचारते आहे, एवढ्यानेही मूल सावध राहते.

संस्थेच्या सभासदांपैकी अनेक जण शाळेत, कार्यालयांत, बँकांत, पोस्टात नोकरीला आहेत. प्रत्येकाने जून-जुलैत दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवल्या आणि आपल्या वस्तीतील पहिल्या वर्षाच्या मुलांचे अर्ज, दाखले, खाते एकदा तपासून दिले, तर कित्येक मुलांचे वर्ष वाचेल. याला निधी लागत नाही, सभामंडप लागत नाही. एक टेबल, एक मोबाईल आणि थोडा धीर पुरेसा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही ज्या वर्गात बसणार आहात, तेथपर्यंत तुमच्या घरातील कोणी पोहोचले नव्हते. तेथील वाटा तुम्हाला ठाऊक नाहीत, यात तुमचा दोष नाही. वाट विचारली नाही, तर मात्र ती सापडणार नाही. वही काढा, पहिल्या पानावर तारखा लिहा, आणि पुढचे सहा महिने आपला हिशेब रोजच्या रोज भरा. तुमच्या शिक्षणास आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा.