विजेच्या सायकलीची निगा व दोषपरीक्षा

बैलगाडीचा आंस कुरकुरूं लागला कीं गाडीवान वंगण शोधतो. इंजिनाचा पट्टा सैल पडला तर तो घसरण्यापूर्वींच ताणून घेतो. हें ज्ञान त्यास कोणीं पुस्तकांतून दिलेलें नसतें. वापराबरोबर तें अंगीं मुरलेलें असतें. विजेच्या सायकलीची गोष्ट मात्र अद्याप तशी झालेली नाहीं. वाहन दाराशीं आलें, पण त्याचें ज्ञान दुकानांतच राहिलें, अशी स्थिति पुष्कळ ठिकाणीं आमच्या पाहण्यांत येते. परिणामीं ब्रेकच्या मुठींत साचलेल्या चिमूटभर चिखलामुळें अडलेली सायकल टेंपोंत घालून तालुक्याच्या गांवीं नेली जाते, आणि ज्या बॅटरीनें चार वर्षें चालावयाचें ती दुसऱ्या उन्हाळ्यांतच निकामी होते. गांवांतून मळ्यावर, मळ्यावरून दूध-संकलन केंद्रावर आणि परत घरीं असा दहा-बारा किलोमीटरांचा रोजचा फेरा ज्यांस आहे, अशा वाचकांसाठीं या वाहनाचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. लोक ज्यास सरसकट 'इलेक्ट्रिक गाडी' म्हणतात त्यांत दोन भिन्न जाती आहेत. नंबराची पाटी लागणारी स्कूटर हा आमचा आजचा विषय नव्हे. आम्हांस अभिप्रेत आहे ती पेडल मारून चालणारी व मोटरीचें साह्य घेणारी सायकल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील व्याख्येप्रमाणें मोटरीची शक्ति पाव किलोवॅटच्या, म्हणजे २५० वॅटच्या मर्यादेंत आणि वेग ताशीं २५ किलोमीटरच्या आंत असेल, व वाहन मान्य चाचणीसंस्थेकडून तसें प्रमाणित झालेलें असेल, तर तें मोटार-वाहन गणलें जात नाहीं. त्यास नोंदणी लागत नाहीं, चालविणाऱ्यास परवाना लागत नाहीं. खरेदीच्या वेळीं या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी. 'एक वायर तोडली कीं चाळीसचा वेग मिळेल' असें सांगणारे कारागीर भेटतात. त्यांचें ऐकूं नये. वायर तोडतांच ही सवलत जाते. शिवाय ब्रेक व आरे चाळीसच्या वेगासाठीं केलेलेच नसतात.

कल्पना नवी नव्हे. मागील चाकाच्या तुंब्यांतच मोटर बसविलेल्या सायकलीचें पेटंट अमेरिकेंत ऑग्डेन बोल्टन यांस ३१ डिसेंबर १८९५ रोजीं मिळालें. (त्याच्या सात वर्षें आधीं, १८८८ सालीं, लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें होतें. लोखंडी नांगर त्यानंतरचा.) अडचण होती ती बॅटरीच्या वजनाची. हलकी लिथियम-आयन बॅटरी १९९१ सालीं बाजारांत आली. पायाच्या जोरास मोटरीची जोड देणारी सायकल जपानच्या यामाहा कंपनीनें १९९३ सालीं विक्रीस आणली. आज आपल्या दारीं येते ती या दोहोंची संतति होय.

बहुतेक सायकलींची बॅटरी ३६ व्होल्टची असते. पेटींत दहा घटांची माळ असते. प्रत्येक घट सरासरी ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला म्हणजे ४.२ व्होल्टचा. म्हणून भरलेली बॅटरी मल्टिमीटरवर ४२ व्होल्ट दाखविते. सायकल तासभर उभी असतां ३७ च्या आसपास आंकडा आला तर ती सुमारें निम्मी आहे, आणि ३३ च्या खालीं गेला तर जवळजवळ रिकामी आहे, असें समजावें. दहा अँपियर-तासांच्या अशा बॅटरींत ३६० वॅट-तास, म्हणजे एका युनिटच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक वीज मावते. आपल्या कच्च्या-पक्क्या रस्त्यांवर केवळ मोटरीच्या बळावर गेल्यास किलोमीटरास १० ते १२ वॅट-तास खर्च होतात. म्हणजे सुमारें तीस किलोमीटर. पेडल मनापासून मारल्यास हेंच अंतर सहज दीडपट होतें. जाहिरातींतील मोठे आंकडे सपाट डांबरी रस्ता, हलका माणूस व सतत पेडल यांच्या जोरावर मिळविलेले असतात. पाठीमागें दुधाचा वीस लिटरचा कॅन असलेल्या शेतकऱ्यानें त्यांवर विसंबूं नये.

खर्चाचा खरा हिशेब कोठें आहे हें आतां पाहूं. समजा, नवी बॅटरी १२,००० रुपयांस पडते व ती पांचशें वेळां पूर्ण भरून रिकामी करतां येते. म्हणजे १५,००० किलोमीटर; किलोमीटरास ऐशीं पैसे. एकदां भरण्यास चार्जरमधील नाश धरून ०.४२ युनिट वीज लागते. आठ रुपये दरानें तीन रुपये छत्तीस पैसे, म्हणजे किलोमीटरास अवघे अकरा पैसे. विजेच्या सातपट खर्च बॅटरीच्या झिजेचा आहे! दोन रुपयांची वीज वांचविण्याकडे ज्याचें लक्ष आहे आणि बॅटरी पत्र्याच्या शेडखालीं तापत पडली आहे, त्याचा हिशेब उलटा चालला आहे असें आम्हांस म्हणावें लागतें.

बॅटरीचे शत्रु मुख्यतः तीन : उष्णता, पूर्ण रिकामेपण आणि भलता चार्जर. विदर्भांत वैशाखांतील दुपारीं पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळीं उन्हांतून आलेली बॅटरी लगेच भरावयास लावूं नये. ती काढून घराच्या थंड भागांत तासभर ठेवावी, मग लावावी. रोज शंभर टक्के भरण्याची गरज नाहीं. फेरा लहान असल्यास ८०-९० टक्क्यांवर थांबविणें आणि २० टक्क्यांखालीं न उतरणें हें आयुष्य वाढविणारें आहे. मात्र महिन्या-दोन महिन्यांतून एकदां ती पूर्ण भरून, चार्जरचा दिवा हिरवा झाल्यावरही तासभर तशीच ठेवावी. त्यायोगें माळेंतील घट एकमेकांशीं समान होतात. पावसाळ्यांत सायकल महिनाभर बंद ठेवावयाची असेल तर निम्मी भरून, कोरड्या जागीं ठेवावी. रिकामी बॅटरी तशीच ठेवणें म्हणजे ती मारणेंच होय.

चार्जरविषयीं आम्ही विशेष आग्रहानें सांगतों. टोक बसतें म्हणून चार्जर चालतो, ही समजूत घातक आहे. दहा घटांच्या लिथियम-आयन माळेस ४२ व्होल्टचाच चार्जर पाहिजे. लिथियम-फॉस्फेट जातीच्या बारा घटांस ४३.८ व्होल्ट लागतात. जुन्या शिशाच्या बॅटरीचा चार्जर तिसराच. फवारणी पंपाचा, शेजाऱ्याच्या स्कूटरचा, बाजारांत स्वस्त मिळाला तो, यांपैकीं कोणताही पाटीवरील आंकडा वाचल्याशिवाय लावूं नये. अधिक दाबानें भरलेला घट आंतून तापतो व पेट घेतो, आणि पेटलेल्या एका घटाची उष्णता शेजारच्या घटास पेटविते. म्हणून कडबा, कापूस, डिझेलचा डबा अथवा झोपण्याची खोली यांच्याजवळ बॅटरी भरूं नये. रात्रीं सर्व झोपले असतां भरण्यापेक्षां संध्याकाळीं माणूस जागें असतां भरावी. जी फुगली आहे, पडून चेपली आहे किंवा जिच्यांत पाणी शिरलें आहे ती पुन्हां भरूंच नये. आग लागलीच तर प्रथम माणसें व जनावरें दूर न्यावीं आणि मुख्य खटका पाडावा. मग धूर टाळून, लांबूनच, भरपूर पाणी मारावें. थोड्या पाण्यानें ज्वाळा विझते, पण उष्णता राहते व आग पुन्हां भडकते.

आतां यंत्राच्या जुळणीकडे वळूं. बैठकीची उंची पुष्कळजण चुकीची ठेवतात. पेडल सर्वांत खालीं असतां टांच त्यावर टेकवावी. पाय सरळ व्हावा इतकी बैठक उंच हवी. खालीं बसून पेडल मारल्यास गुडघा दुखतो, माणूस पेडल सोडून देतो, आणि सारा भार मोटरीवर पडतो. हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेंत, वरच्या टोकाकडे ठेवावी. मऊ टायर हा बॅटरीचा चोर आहे. महिन्यांतून एकदां चाक उचलून हातानें फिरवावें. ब्रेक घासत असेल तर आवाजानेंच कळतें. मोटर मागील चाकांत असेल तर त्या चाकाचे आरे पहिल्या दोनशें किलोमीटरांनंतर अवश्य ताणून घ्यावे, कारण नवे आरे बसतांना सैल होतात व सैल आरा तुटतो. साखळीची झीज मोजण्यास फुटपट्टी पुरे. बारा इंचांत साखळीच्या पूर्ण कड्या नेमक्या बसतात. तेंच माप बारा इंच व एक-सोळांश भरलें तर साखळी बदलावी, एक-अष्टमांश भरेपर्यंत थांबल्यास दांतेरी चकत्याही बदलाव्या लागतात.

तुंब्यांतील मोटर चाक फिरविते तेव्हां तिचा आंस उलट दिशेस फिरूं पाहतो. त्यास चौकटींतील खांचेनें व विशिष्ट जिभेच्या वायसरनें धरून ठेविलेलें असतें. नट सैल राहिला तर आंस खांचेंत घोळतो, वायर पिळवटून तुटते, क्वचित् चाकच निसटतें. म्हणून चाक काढून बसविल्यावर लांब पान्ह्यानें नट घट्ट आवळावे, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तपासावे.

दोषपरीक्षेचा क्रम नेहमीं सोप्याकडून अवघडाकडे असावा. सायकल अजिबात जागी होत नाहीं, पडद्यावर कांहींच उमटत नाहीं, असें असेल तर बॅटरीची किल्ली, खटका व फ्यूज पाहावे. नंतर बॅटरी काढून तिच्या पितळी पात्यांवर हिरवट गंज आहे काय तें पाहावें. गंज असल्यास कोरड्या फडक्यानें व बारीक पॉलिश-कागदानें हलकेंच साफ करावा. दोन पात्यांस एकाच वेळीं धातूची वस्तु लागूं देऊं नये.

पडदा उजळतो, पण मोटर ओढत नाहीं, ही तक्रार सर्वांत अधिक आढळते. ब्रेकच्या मुठींत मोटर बंद करणारा लहान खटका असतो. मूठ पूर्ण परत आली नाहीं तर मोटरीस वाटतें कीं चालविणारा ब्रेक दाबून बसला आहे. मूठ धुऊन, थेंबभर तेल देऊन पाहावें. तरीही न चालल्यास दोन्ही ब्रेक-खटक्यांच्या जोडण्या एकामागून एक सोडवून पाहाव्या. सोडतांच मोटर चालली तर दोष सांपडला. (ही केवळ परीक्षा होय, खटका सोडून सायकल रस्त्यावर नेऊं नये.) हेंही ठीक असेल तर पेडलच्या आंसावरील चुंबकांची चकती पाहावी. तिच्यासमोरील संवेदकाशीं अंतर दोन-तीन मिलिमीटरांहून अधिक झालें, किंवा चकती घसरली, तर पेडल फिरतें हें मोटरीस कळत नाहीं.

मोटर झटके देते, थरथरते, हातानें चाकास धक्का दिल्यावरच सुटते, तेव्हां बहुधा मोटरीच्या आंतील तीन हॉल-संवेदकांपैकीं एकाचा निरोप पोंचत नसतो. प्रथम मोटरीची जोडणी उघडून, वाळवून पुन्हां नीट बसवावी. निम्म्याहून अधिक वेळां काम येथेंच भागतें. न भागल्यास मल्टिमीटर घ्यावा. संवेदकांस ५ व्होल्ट येतात काय तें पाहावें, मग चाक हळू फिरवीत प्रत्येक निरोपाच्या तारेवर आंकडा शून्य व पांच यांमध्यें बदलतो काय तें पाहावें. दांतेचक्री मोटरीचें चाक यासाठीं उलटें फिरविलें पाहिजे. सुलटें फिरविल्यास आंतील मोटर फिरतच नाहीं. तसेंच वीज बंद असतां चाक उलटें फिरविण्यास फार जड जात असेल तर मोटरीच्या तीन जाड तारा कंट्रोलरपासून सोडवाव्या. सोडतांच चाक हलकें झालें तर कंट्रोलर जळाला आहे. तरीही जडच राहिलें तर दोष मोटरींत अथवा तिच्या तारेंत आहे. मोटरी भरणाऱ्या गांवांतील कारागिरास ही परीक्षा दहा मिनिटांची आहे, आणि तिनें नको ती वस्तु विकत घेणें टळतें.

चढावर एकाएकीं सारें बंद पडतें व थांबून चालू केल्यास पुन्हां चालतें, हें बॅटरी थकल्याचें लक्षण आहे. भार पडतांच दाब खालीं बसतो व आंतील रक्षक-यंत्र पुरवठा तोडतें. परंतु बॅटरीस दोष देण्यापूर्वीं हवा, ब्रेक व साखळी पाहावी. आणि चढ मोटरीवर एकटीवर सोडूं नये. चाक मंद फिरत असतां मोटर विजेची गति न करितां उष्णता करते.

शेतावरील वाहनास शहरापेक्षां निराळे धोके आहेत. फवारणीच्या एच.टी.पी. पंपानें सायकल धुणें ही त्यांतील सर्वांत मोठी चूक; तो दाब पाणी थेट जोडण्यांत व तुंब्यांत घालतो. ओल्या फडक्यानें पुसणें पुरेसें आहे. युरियाच्या पोत्यांच्या खोलींत सायकल ठेविल्यास तांब्या-पितळेच्या जोडण्या लवकर गंजतात. धान्याच्या कोठारांत उंदीर तारा कुरतडतात. तुंब्यांत शिरणारी तार आधीं खालीं झुकून मग वर जाईल अशी बांधावी, म्हणजे पावसाचें पाणी झुकल्या जागीं गळून पडतें.

बाभळीच्या कांट्यासाठीं मोटरीचें चाक काढण्याची आवश्यकता नाहीं. कांटा कोठें आहे तें शोधून, तार नसलेल्या बाजूनें टायरची कड उचलावी, तेवढाच ट्यूबचा भाग बाहेर ओढून ठिगळ लावावें व परत बसवावा.

आयुष्य संपलेली बॅटरी उकिरड्यांत, विहिरींत किंवा भंगाराच्या ढिगांत टाकूं नये. निकामी बॅटरींतही आग लावण्याइतकी वीज उरलेली असते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणें जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणून नवी घेतांनाच जुनी परत घेण्याविषयीं दुकानदाराशीं बोलून ठेवावें, आणि पावतीवर बॅटरीचा क्रमांक व तारीख लिहवून घ्यावी. हमीच्या काळांत तीच पावती उपयोगीं पडते.