दुकानाचा ‘बोगदा’ तुटला तर?

इनामगावात पाइप, मोटारी व स्टार्टर विकणारे एक दुकान आहे असे समजा. गोदाम दौंडला, आणि साठ्याचा व हिशेबाचा संगणकही गोदामातच. दोन्हीकडचे राउटर इंटरनेटमधून एक बंदिस्त वाट काढतात. तिला टनेल, म्हणजे बोगदा म्हणतात. त्यातून जाणारा हिशेब बाहेरच्याला वाचता येत नाही. हा बोगदा तुटला की बिल निघत नाही, बिलाशिवाय टेम्पो हलत नाही, आणि ऐन हंगामात गिऱ्हाईक दुसरीकडे वळते.

उपाय म्हणून बहुतेक जण दुसरी लाईन घेतात. पण पहिली बंद पडली हे राउटरला कळणार कसे? खरी मेख इथेच आहे. पुष्कळ राउटर फक्त दाराशी आलेली तार जिवंत आहे का, एवढेच पाहतात. दिवा हिरवा असतो, तार मात्र दोन गावे पुढे तुटलेली असते. मग दुसरी लाईन महिन्याचे भाडे खात नुसती बसून राहते.

म्हणून हाक थेट पलीकडच्या टोकाला मारावी. तपासणीचा पत्ता म्हणून इंटरनेट कंपनीच्या जवळच्या यंत्राचा नव्हे, तर गोदामातील राउटरचा बोगद्याच्या आतला पत्ता द्यावा. दर दोन सेकंदांनी एक हाक. ओळीने तीन हाका वाया गेल्या की वाट बंद समजावी. मोठ्या कंपन्या बिघाड हुडकण्यासाठी ‘बीएफडी’ नावाची पद्धत वापरतात (तिचे प्रमाण २०१० साली प्रसिद्ध झाले) आणि आधीच आखलेल्या पर्यायी वाटेवर सुमारे ५० मिलिसेकंदांत वाहतूक वळवण्याचे लक्ष्य ठेवतात. दुकानाला इतकी घाई नको. मोबाईलची लाईन मधूनच अडखळते. सेटिंग फार उतावीळ असले तर वाहतूक दिवसभर इकडून तिकडे उड्या मारील. दुसरा बोगदा मात्र आधीच बांधून ठेवावा व त्यालाही हाका चालू ठेवाव्यात. पहिली लाईन परत आली तरी पाच-दहा मिनिटे टिकते का ते पाहून मगच तिच्यावर यावे.

दोन कंपन्या म्हणजे दोन वाटा, असे मात्र मुळीच समजू नये. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळच्या समुद्रात सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन वेगळ्या केबल तुटल्या, आणि भारतातील इंटरनेट कित्येक दिवस मंदावले. आपल्याकडे इनामगावहून दौंडला जाताना भीमा ओलांडावी लागते. दोन्ही तारा एकाच पुलावरून नेल्या असतील, तर पूल खोदणारा एकच मजूर दोन्ही तोडील. एक लाईन तारेची व दुसरी मोबाईलची, हे बरे.

महिन्यातून एकदा दुकान बंद करताना परीक्षा घ्यावी. दुकानातील तार उपटणे ही सोपी परीक्षा. खरी परीक्षा गोदामातील मुख्य लाईन काढण्याची, कारण तेव्हा दुकानातला दिवा हिरवाच राहतो. बिल निघाले तर सेटिंग बरोबर. त्याच दिवशी मोबाईल सिमच्या रिचार्जची तारीख आणि दोन्हीकडच्या इन्व्हर्टरची बॅटरीही पाहून घ्यावी.