बोटासाठीच्या पडद्यावर पेन वापरताना

बहुतेक मोबाइल आणि स्वस्त टॅबचा पडदा बोटासाठी बनवलेला असतो. काचेखाली पारदर्शक विद्युतवाहक रेषांची जाळी असते. बोट टेकले की त्या जागेची विद्युतधारिता बदलते आणि तो बदल मोजून यंत्र स्पर्शाची जागा ठरवते. किती जोराने दाबले, याच्याशी त्याचा संबंध नसतो. त्याआधीच्या रोधक पडद्यांत दोन थर दाबाने एकमेकांना टेकत, त्यामुळे त्यांवर नखही चाले आणि प्लास्टिकची काडीही. २००७ मध्ये आयफोन आला, विद्युतधारिता मोजणारा धारक पडदा रुळला आणि ती काडी निरुपयोगी झाली.

पेनसाठी खास बनवलेल्या यंत्राची रचना वेगळी असते. २०११ च्या सॅमसंग गॅलेक्सी नोटमध्ये पडद्यामागे पेन ओळखणारा स्वतंत्र थर होता. पेनाला ऊर्जा त्या थरातून मिळे आणि दाबही कळे. ॲपल पेन्सिल २०१५ मध्ये आली. ती ठरावीक आयपॅडवरच चालते. म्हणून महागडा अस्सल पेन घेऊन तो साध्या मोबाइलवर टेकवला, तर बहुधा एक रेघही उमटत नाही. नेमके इथेच पैसे वाया जातात.

साध्या पडद्यावर चालणारे पेन मुख्यतः तीन प्रकारचे. पहिला रबरी किंवा धातूच्या जाळीच्या गोल टोकाचा: स्वस्त, टिकाऊ, पण जाड. पडद्याला बोटाएवढा स्पर्श लागतो, म्हणून टोक पाच-सहा मिलिमीटरपेक्षा फार बारीक करता येत नाही. दुसरा पारदर्शक चकतीचा: रेघ कुठे पडते ते दिसते, मात्र चकती सपाट टेकली नाही तर खूण उमटत नाही. तिसरा बॅटरीचा: टोक बारीक असते, कारण पेन स्वतः संकेत सोडून बोटाची नक्कल करतो. तरी दाब त्यातही कळत नाही. पाकिटावर ‘तळहात टेकला तरी चालेल’ असे लिहिलेले पेन बहुधा २०१८ नंतरच्या आयपॅडपुरते असतात. पहिले दोन प्रकार हाताच्या वाहकतेवर चालतात, म्हणून दांडा प्लास्टिकचा असेल किंवा हातात मोजा असेल तर ते अडतात.

लातूरचा ट्यूशन एरिया असो की नांदेडचे शिकवणी वर्ग, पेनाची गरज साधारण सारखीच असते: पीडीएफवर खुणा करणे, आकृती काढणे, गणित सोडवून पाठवणे. टाळेबंदीत, २०२० मध्ये, अनेक शिक्षकांनी मोबाइललाच फळा केले, तेव्हा या पेनांच्या मर्यादा ठळक झाल्या. पडद्यातल्या जाळीच्या रेषांमध्ये काही मिलिमीटरचे अंतर असते आणि मधली जागा यंत्र अंदाजाने भरते. म्हणून सावकाश ओढलेली तिरकी रेघ लहरत जाते. शिरोरेषा सरळ येते, पण ‘र’ आणि ‘स’चे तिरके भाग थरथरतात. त्याहून मोठी अडचण टिंबांची. झटकन दिलेला अनुस्वार सुटतो आणि ‘मंद’चा ‘मद’ होतो. दशांश चिन्ह सुटले की उत्तरच बदलते. त्यासाठी पान मोठे करून लिहावे, टिंब क्षणभर टेकवून द्यावे आणि तिरकी रेघ एका दमात ओढावी.

तळहात टेकला की यंत्र त्यालाही स्पर्श समजते: पान सरकते, नको तिथे रेघ उमटते. हाताखाली जाड, कोरडी दस्ती घडी करून ठेवावी. घामाने ओली झाली की ती बदलावी. चार्जिंग सुरू असताना, विशेषतः हलक्या दर्जाच्या चार्जरवर, विजेच्या गोंगाटामुळे रेघ उड्या मारते किंवा स्पर्श आपोआप होतात. असे दिसले की पेनाला दोष देण्याआधी चार्जर काढून पाहावा.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पेनापेक्षा धूळ अधिक घातक ठरते. धुळीतली वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, काचेहून कठीण असते. कण रबरी टोकात रुतला की प्रत्येक रेघेबरोबर ओरखडा उठतो. लिहिण्याआधी पडदा आणि टोक दोन्ही पुसावीत, झिजलेले टोक बदलावे, काचेवर संरक्षक काच लावावी. बॉलपेन, कर्कटक किंवा खिळा पडद्यावर टेकवू नये. ॲल्युमिनियमची चकचकीत पन्नी आणि ओलसर कापूस लावून केलेला घरगुती पेन चालतो, पण तो तात्पुरताच.

खरेदी नांदेडच्या वजिराबादेत असो वा लातूरच्या गंजगोलाईत, आपलाच मोबाइल आपल्या नेहमीच्या संरक्षक काचेसह दुकानात न्यावा. पट्टीच्या आधाराने एक तिरकी रेघ सावकाश ओढावी, अनुस्वार असलेला एक शब्द लिहावा, दशांश चिन्ह असलेली एक संख्या लिहावी. तिन्ही जमले तर पेन घ्यावा. खुणा, सह्या आणि छोट्या आकृत्यांसाठी साधा पेन पुरतो. पानेच्या पाने नोट्स काढायच्या असतील, तर पेनसाठी बनवलेला टॅब किंवा वही, हेच दोन पर्याय. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा २०२५ मध्येही ओएमआर कागदावर बॉलपेननेच झाली. त्या परीक्षेच्या सरावासाठी वहीच योग्य.