दीड किलो कुठून आलं?

अगं बाय, दीड किलो वजन वाढलं म्हणून दोन महिने नेटाने पाळलेलं सगळं सोडून द्यायला निघालीस, तर त्याआधी माझं ऐक. मी रागावलेली नाही, आणि उगाच गोड बोलून तुझी समजूतही काढणार नाही. ते दीड किलो नक्की कशाचं आहे, ते आपण दोघी मिळून बघू.

गेल्या तीन-चार दिवसांत काय काय झालं ते आठव. रविवारी तुझ्या नणंदेच्या घरची हळद. आपल्या आगऱ्यांकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा. मटण, वडे, भात, पापड, वर थंड पेयाचे दोन ग्लास, आणि पहाटेपर्यंत नाच. सोमवारी उरलेल्या रश्श्यासोबत भाकरी. मंगळवारी मानकोलीच्या गोदामात दहा तास उभं राहून पॅकिंग. बुधवारी सकाळी उठलीस ती थेट काट्यावर.

आता हिशेब कर. किलोभर चरबी अंगावर चढायला शरीराच्या गरजेपेक्षा साधारण 7,700 कॅलरी जास्तीच्या पोटात जाव्या लागतात. दीड किलोला साडेअकरा हजार. तांदळाची मध्यम भाकरी दोनशे-सव्वादोनशे कॅलरींची धरली, तर रोजचं जेवण जेवून शिवाय पन्नासेक भाकऱ्या खाव्या लागतील. एवढं काही तू खाल्लेलं नाहीस. शे-दोनशे ग्रॅम चरबी वाढली असेल, ते मी नाकारत नाही. बाकीचं सगळं पाणी आणि पोटातून अजून बाहेर न पडलेलं अन्न.

पाणी कसं साचतं ते सांगते. आपल्या रक्तात खारटपणा ठरावीकच राहतो, लिटरमागे साधारण 9 ग्रॅम मीठ. रश्श्यातून, पापडातून, फरसाणातून जास्तीचं मीठ आत गेलं की मूत्रपिंडं ते हळूहळू बाहेर टाकतात, पण त्याला वेळ लागतो. तोवर तो खारटपणा बेतात ठेवायला शरीर पाणी धरून ठेवतं. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. जागतिक आरोग्य संघटना माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. आपल्या ताटात खारवलेला बांगडा, लोणचं आणि वर पापड आला की ही मर्यादा दुपारीच ओलांडते. सुकी मासळी सोड असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात आपलं घर तिच्यावरच चालतं. फक्त खारी मासळी शिजवण्याआधी चांगली भिजवून ते पाणी ओतून दे, आणि त्या दिवशी पापड-लोणचं नको.

भाताचंही असंच आहे. आपण भात-भाकरी खातो, त्यातली काही साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते, एकूण चार-पाचशे ग्रॅम. आणि दर ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी साठतं. तू भात बंद केलास तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरलं, आठवतं? किती खूश झाली होतीस! त्यातलं बरंचसं हेच पाणी होतं. हळदीला पोटभर भात जेवलीस, साठा परत भरला, पाणीही परत आलं. तेव्हा उतरलं ते सगळं खरं नव्हतं आणि आता चढलं तेही सगळं खरं नाही.

काय खावं आणि किती वेळा खावं, यावरून आपल्या महाराष्ट्रात घराघरांत वाद झालेत. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर त्यांनी आपली पद्धत उभी केली: खरी भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. दुसरीकडे ऋजुता दिवेकर, ज्या भाताला आणि तुपाला घाबरू नका, थोडं थोडं पण घरचं खा, असं सांगतात. तुझी वहिनी एका बाजूची, जाऊ दुसऱ्या बाजूची, आणि मधे तू. माझं मत विचारशील तर तुझ्या कामाच्या पाळीला आणि तुझ्या स्वयंपाकघराला जे वर्षभर झेपेल ते कर. दुपारची सुट्टी अर्ध्या तासाची आणि घरी पोचायला अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमधून रात्रीचे नऊ, अशा बाईने दर दोन तासांनी डबा उघडायचा बेत आखू नये. आणि साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या किंवा इन्सुलिनवर असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणं कमी करू नयेत, साखर एकदम खाली जाते. हे आईसाठीही लक्षात ठेव. पण कोणतीही पद्धत धर, काटा मधेमधे वर जाणारच.

तुझ्या घरामागेच लूम आहेत म्हणून सांगते. कापडाचा तागा तोलला तर नुसतं सूत तोललं जात नाही, सायझिंगची कांजी आणि हवेतली ओलही त्यात येते. तुझा काटासुद्धा सगळं मिळूनच तोलतो, चरबी वेगळी काढून दाखवत नाही.

याचा फार चांगला पुरावा आपल्या पुण्यातलाच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. काट्यावर दोघे सारखे, आत दुपटीहून जास्त फरक. आपल्याकडची माणसं बारीक दिसूनही चरबी बाळगून असतात, आणि ती पोटाभोवती साठते. म्हणून मला तुझ्या काट्यापेक्षा तुझी कंबर महत्त्वाची वाटते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे शिलाईची टेप धर, श्वास सोड आणि वाच. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटीमीटर ही मर्यादा मानतात, पुरुषांसाठी 90. पंधरा दिवसांतून एकदा मोज आणि कॅलेंडरवर लिही. गेल्या महिन्यात तू म्हणालीस ना की निळा ब्लाउज दंडाला सैल झाला? ती खबर काट्याने तुला दिली नव्हती.

पाळी कधी येणार आहे तुझी? मला वाटतं याच आठवड्यात. पाळीच्या आधी पुष्कळ बायकांच्या अंगात पाणी साचतं. छाती जड होते, अंगठी घट्ट होते, किलो-दीड किलो वजन वाढतं आणि पाळी सुरू झाली की काही दिवसांत आपोआप उतरतं. तेव्हा या आठवड्याची तुलना गेल्या आठवड्याशी करूच नकोस. गेल्या महिन्यात पाळीच्या आधी वजन किती होतं, त्याच्याशी कर. आणि पाळी चुकली असेल तर बाकी काही शोधण्याआधी गरोदरपणाची चाचणी कर.

वऱ्हाळदेवी तलावावर नव्याने चालायला जातेस, त्याचंही थोडं पाणी यात असेल. सवय नसलेल्या स्नायूंवर ताण आला की ते दुखतात, सुजतात, आणि त्या दुरुस्तीसाठी पाणी धरतात. पोटऱ्या दुखतायत तोवर काट्याला काही विचारू नकोस. चालणं मात्र बंद करायचं नाही. गोदामात दिवसभर उभं राहिल्याने पायात पाणी उतरतं ते निराळं. सुट्टीत दहा मिनिटं खोक्यावर पाय वर करून बस, मधूनमधून टाचा उचल. मुकादम बघेल म्हणून लाजू नकोस.

आणि ते वजन करणं! सकाळी घरी, संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात चप्पल घालून, रात्री परत घरी. अशाने फक्त जीव घाबरा होतो. एकच काटा, तोही सपाट लादीवर. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेच कपडे. रोज करायचं असेल तर सात दिवसांची सरासरी काढ आणि फक्त सरासऱ्यांची तुलना कर. रोजच्या आकड्याने तुझा दिवस नासत असेल तर आठवड्यातून एकदाच कर आणि काटा पलंगाखाली ठेव.

उद्या उपाशी राहायचं ठरवलंयस ना? नको गं. दिवसभर पोटात काही नाही, त्यावर दहा तासांचं काम, आणि रात्री घरी आल्यावर हाताला लागेल ते. हे किती जणींचं होताना मी पाहिलंय. नेहमीचं जेव: भाकरी, डाळ, पालेभाजी, मासळी किंवा अंडं. पाणी भरपूर पी, रात्री झोप पुरी घे. चार-पाच दिवसांत यातलं बरंचसं निघून जाईल.

आता जरा गंभीर बोलू. हे सगळं काही दिवसांच्या चढ-उताराबद्दल झालं. पण दोन-चार दिवसांत वजन भराभर वाढत गेलं, पायावर बोट दाबलं की खड्डा राहिला, चेहरा सकाळी सुजलेला दिसला, आडवं पडल्यावर दम लागला किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर ते हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. गरोदर बाईला अचानक सूज, डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर अजिबात थांबायचं नाही, रक्तदाब लगेच तपासायचा.

आणि नीट खाऊन-चालूनही महिना-दीड महिना सरासरी वरच जात राहिली, तर स्वतःला खादाड म्हणत बसू नकोस, कारण शोध. थायरॉइड मंदावला की थकवा, बद्धकोष्ठ, थंडी वाजणं, केस गळणं यांसोबत थोडं वजन वाढतं. टीएसएचच्या रक्ततपासणीत ते कळतं. पाळी महिनोन् महिने लांबत असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर पीसीओडी तपासून घे. गोळ्यांकडेही बघ. दम्यासाठी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, फिटच्या आणि मनाच्या आजाराच्या काही गोळ्या, इन्सुलिन, यांनी वजन वाढतं. सरकारी दवाखान्यात दर तीन महिन्यांनी मिळणाऱ्या 'अंतरा' इंजेक्शनानेही काही जणींचं वाढतं. पण यातलं काहीही आपल्या मनाने बंद करायचं नाही. स्टिरॉइड एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना विचारलं की बरेचदा दुसरी गोळी किंवा दुसरा उपाय निघतो.

तुझ्या शेजारणीने दिलेली ती बिनलेबलाची पुडी मात्र आजच फेकून दे. सांधेदुखीच्या आणि अशक्तपणाच्या अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, मग तोंड फुगतं, पोट वाढतं, साखर चढते. बारीक होण्याच्या पुड्यांत जुलाबाचं औषध असलं तर उतरतं ते पुन्हा पाणीच, आणि सोबत अंगातले क्षारही जातात. आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर पोटात घालायचं नाही.

सासूबाई "काय गं, डाएट करून जाडी झालीस?" म्हणाल्या ते तुला काट्याहून जास्त लागलंय, हे मला तुझ्या आवाजावरून कळलं. त्यांच्याशी भांडू नकोस. पण वजन लपवायला जेवण लपवू लागलीस, जेवून उलटी काढावीशी वाटली, किंवा दिवसातून चार-चारदा काट्यावर चढलीस, तर ते मला सांग. मला सांगणं जड वाटलं तर डॉक्टरांना सांग, पण मनात ठेवू नकोस.

सुट्टी कोणत्या दिवशी आहे ते कळव, मी येते. आधी इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात जाऊ, आईचा रक्तदाब आणि साखरही त्याच फेरीत बघून घेऊ. तुझ्या मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा एका कागदावर लिहून ठेव, आणि घरात जी जी औषधं चालू आहेत त्यांची रिकामी पाकिटंसुद्धा पिशवीत टाक.