स्पीकर २०० वॅटचे, अ‍ॅम्प्लिफायर ४०चा

प्रश्न : माझा अ‍ॅम्प्लिफायर ४० वॅटचा आहे. २०० वॅटचे महागडे टॉवर स्पीकर लावले तर तो जळेल का? खोली १० बाय १२ फूट.
– एक वाचक, सांगली

उत्तर : वॅटमुळे जळणार नाही. स्पीकरवरचे वॅट ही त्याची सहनशक्ती. तेवढी वीज तो मागत नाही. पाहायची ती सेन्सिटिव्हिटी. ८७ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर तेवढ्याच आवाजाला निम्मी वीज घेतो. इम्पिडन्स मात्र तपासा : अ‍ॅम्प्लिफायरवर ‘किमान ८ ओहम’ लिहिलं असेल, तर ४ ओहमचे स्पीकर नकोत. व्हॉल्यूम पिळून आवाज फाटू दिलात, तर आधी ट्वीटर जातो.

खरं सांगू? एवढ्याशा खोलीत टॉवरमधून डग्गा नुसता घुमेल. स्टँडवरचे छोटे, चांगले स्पीकर घ्या, भिंतीपासून थोडे पुढे ठेवा. उरलेल्या पैशांत जाड पडदे. दुकानदार घरी ऐकायला देत असेल तर उत्तमच.