वळूची आनुवंशिक तपासणी : वासरांच्या एका रोगाचा बंदोबस्त

संकरित गायीचे वासरू जन्मतः धडधाकट दिसते. परंतु थोड्याच दिवसांत त्यास हगवण लागते. औषधाने ती थांबते व पुन्हा उलटते. मागोमाग खोकला व फुफ्फुसदाह होतो, हिरड्या सुजतात, तोंडात व्रण पडतात, दात हलू लागतात. अंगावरील जखमेत पू धरत नाही आणि ती लवकर भरूनही येत नाही. वासरू खुरटते व बहुधा वर्षाच्या आत दगावते. शेतकरी औषधपाण्यावर पैसा खर्च करतो आणि अखेरीस नशिबास बोल लावतो. अशा काही वासरांच्या बाबतीत दोष गोठ्याचा वा चाऱ्याचा नसून बीजाचा असतो.

रोगाचे स्वरूप

ह्या रोगास ‘बोव्हाइन ल्युकोसाइट ॲड्हिजन डेफिशिअन्सी’, संक्षेपाने ‘ब्लॅड’, असे म्हणतात. शरीरात रोगजंतू शिरले म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या आतील बाजूस चिकटतात आणि तेथून बाहेर पडून जंतूंवर तुटून पडतात. ‘ब्लॅड’ झालेल्या वासरात पेशींना चिकटविणारे प्रथिन सदोष असते. त्यामुळे रक्तात पांढऱ्या पेशींची गर्दी होते, पण जखमेपर्यंत त्या पोहोचत नाहीत. पहारेकरी पुष्कळ असावेत, पण वाड्याचे दार उघडू नये, तसा हा प्रकार होय.

दोषाचा उगम

हा रोग होल्स्टीन फ्रिजियन जातीत आढळतो. 1992 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी त्यास कारणीभूत असलेला जनुकातील बदल शोधून काढला. रोगी जनावरांच्या वंशावळी तपासता त्या सर्व ‘ऑसबोर्नडेल आयव्हॅनहो’ नावाच्या एकाच वळूपर्यंत जाऊन पोहोचल्या. हा वळू 1952 साली जन्मला होता. त्याच्या वंशातील वळू दुधाच्या गुणासाठी नावाजले गेले व कृत्रिम रेतनाद्वारे त्यांचे बीज देशोदेशी पसरले. दुधाबरोबर दोषही पसरला. भारतातील होल्स्टीन व संकरित वळूंच्या तपासण्यांतही दोषवाहक आढळले आहेत.

दोष पुढे कसा जातो

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून व एक बापाकडून येते. दोन्ही प्रती सदोष असल्या तरच वासरू रोगी होते. एकच प्रत सदोष असलेले जनावर ‘दोषवाहक’ होय. ते पूर्ण निरोगी दिसते; म्हणून नुसते पाहून दोष ओळखता येत नाही.

दोषवाहक वळू व निर्दोष गाय यांची निम्मी वासरे सरासरीने दोषवाहक निघतात, रोगी एकही नाही. वळू व गाय दोन्ही दोषवाहक असल्यास चारांत एक वासरू रोगी, दोन दोषवाहक व एक निर्दोष, असे प्रमाण पडते. गावात दोषवाहक वळू राखला व पुढे त्याच्याच कालवडी त्याच्याकडून फळविल्या, तर आठांत एक वासरू रोगी होण्याचा संभव असतो. जवळच्या नात्यातील पैदास टाळावी असे जाणते लोक सांगत आले आहेत, त्याचे हे एक शास्त्रीय कारण होय.

तपासणी

वळूचे थोडे रक्त वा रेत प्रयोगशाळेत पाठवून जनुकाची परीक्षा करता येते. जनुक जन्मभर बदलत नाही; म्हणून ही तपासणी एकदाच पुरते. केंद्र शासनाने गोठित रेताच्या निर्मितीसाठी घालून दिलेल्या किमान मानकांत ह्या तपासणीचा समावेश आहे. तपासणीत दोषवाहक ठरलेला वळू पैदाशीतून वगळला की रोगी वासरू जन्मण्याची वाटच बंद होते; कारण निर्दोष वळूपासून दोषवाहक गायीलाही रोगी वासरू होत नाही. हाच उपाय वंशावळीच्या कुत्र्यांतही योजतात. आयरिश सेटर जातीच्या कुत्र्यांत ह्याच जनुकातील निराळ्या बदलामुळे तशाच स्वरूपाचा रोग होतो, व पैदाशीपूर्वी नर-मादीची तपासणी करतात.

शेतकऱ्यांनी व ग्रामसेवकांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

1. मान्यताप्राप्त केंद्रातील रेतच वापरावे. कांडीवरील वळूचा क्रमांक पाहून तो रेतनाच्या तारखेसह नोंदवहीत लिहावा.

2. तपासणी न झालेला संकरित वळू गावच्या गायींसाठी राखू नये.

3. कालवड फळविताना तिच्या बापाचा क्रमांक पाहावा. त्याच वळूचे रेत पुन्हा देऊ नये.

4. एकाच वळूची वासरे वर वर्णिलेल्या लक्षणांनी दगावल्यास पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस वळूच्या क्रमांकासह कळवावे.

5. प्रत्येक हगवण ‘ब्लॅड’ची समजू नये. बहुतेक वासरे वेळेवर चीक न मिळाल्याने, जंतांमुळे वा गोठ्यातील अस्वच्छतेमुळे आजारी पडतात. प्रथम तो बंदोबस्त करावा.

‘ब्लॅड’ झालेले वासरू औषधाने कायमचे बरे होत नाही. परंतु ते जन्मासच येऊ नये, अशी व्यवस्था करता येते. त्याची सुरुवात गोठ्यातील नोंदवहीपासून होते.